मंगळाच्या लेकी

आमच्या वाचन गटात आम्ही चौदा जणी. यंदाच्या पावसाळ्यात आम्ही एकच पुस्तक वाचलं, आणि त्यावरून इतका वाद झाला की दोघी जणी दोन शनिवार एकमेकींशी बोलल्या नाहीत. आता बोलतात. त्या पुस्तकाबद्दल आणि त्या वादाबद्दल आज सांगते. ज्यांच्या घरच्या गोष्टी यात येतील त्यांना विचारूनच सांगतेय, नावं मात्र घेत नाही.

पुस्तक इंग्रजीतलं आहे, 'द डॉटर्स ऑफ मार्स'. लेखक थॉमस केनेली, ऑस्ट्रेलियाचे. 'शिंडलर्स लिस्ट' हा सिनेमा ज्या पुस्तकावर निघाला ते यांचंच. ही कादंबरी 2012 साली आली. मार्स म्हणजे रोमन लोकांचा युद्धाचा देव, आणि त्याच्याच नावावरून इंग्रजीत मंगळाला मार्स म्हणतात. म्हणजे नावाचा अर्थ झाला मंगळाच्या लेकी. हे सांगितल्याबरोबर आमच्या आजी म्हणाल्या, "मंगळाच्या पोरी? मग लग्नं कशी जमायची त्यांची?" सगळ्या हसल्या. पण आजींचा प्रश्न पुढं पाचशे पानं आमच्याबरोबर राहिला, कारण त्या पोरींची लग्नं खरंच सहजासहजी जमत नाहीत. पहिलं महायुद्ध मध्ये येतं.

मी आठवडाभर रात्री वाचायचे आणि शनिवारी गटात मराठीत सांगायचे. काही प्रसंग वाक्यावाक्यानं सांगितले, काही ठिकाणी चार पानांचं चार ओळींत केलं. त्यावरही तक्रार झाली, की आम्हाला हवं ते गाळतेस आणि जहाजांची वर्णनं ठेवतेस. या लेखकाची एक खोड आहे. कोण काय बोललं हे दाखवायला आपण जी अवतरण चिन्हं देतो, ती त्यानं पुस्तकात दिलेलीच नाहीत. बोलणं आणि मनातला विचार एकाच दोऱ्यात ओवलेले. डोळ्यांनी वाचताना हळूहळू सवय होते, पण मोठ्यानं सांगायचं म्हटलं की पंचाईत. हे थोरली बोलली, की धाकटीच्या मनात आलं? कॉलेजातल्या दोघी मुली म्हणाल्या, ही स्टाईल असते. मला ती स्टाईल आवडली नाही. ज्या बायकांचा आवाज कुणी ऐकलाच नाही त्यांच्यावर पुस्तक लिहायचं, आणि त्यांचं बोलणं असं पुसट ठेवायचं, हे मला पटत नाही.

आता गोष्ट. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स प्रांतात मॅक्ले नावाच्या नदीचं खोरं आहे. लेखकाचं लहानपण त्याच भागात, केम्प्सी गावात गेलेलं. तिथं ड्युरन्स नावाचं एक गवळी कुटुंब. गाई, दूध, पहाटेच्या धारा. आमच्यातल्या नऊ जणींच्या गोठ्यात जनावरं आहेत, त्यामुळं इथपर्यंत पुस्तक कुणालाच परकं वाटलं नाही. घरात दोन मुली. थोरली नेओमी, धाकटी सॅली. दोघीही नर्स. थोरली शहरात, सिडनीला गेली. धाकटी घरी राहिली, जवळच्या दवाखान्यात काम करू लागली आणि घरचंही बघू लागली. थोरली सुट्टीला आली की नीटनेटकी, शहरी. धाकटीच्या मनात राग, पण तो ती बोलून दाखवत नाही.

इथंच आमचे पहिले दोन तट पडले. ज्या घरी राहिल्या त्या सॅलीच्या बाजूला, आणि ज्यांनी पुण्या-मुंबईला नोकरी करून घरी पैसे पाठवले त्या नेओमीच्या. एक जण म्हणाली, "सणाला यायचं, भेटवस्तू आणायची आणि सगळ्यांनी म्हणायचं बघा किती माया आहे लेकीला. आणि रोज शेणाघाणीत आहे तिला कोण इचारतं?" दुसरी म्हणाली, "शहरात आम्ही काय पलंगावर बसून खात होतो?" पुस्तक बाजूलाच राहिलं.

मग ती रात्र येते, जिच्यावरून खरं भांडण झालं. या मुलींच्या आईला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर झालेला आहे. वेदना सहन होत नाहीत. धाकटी दवाखान्यातून थोडं थोडं मॉर्फिन बाजूला काढून घरात लपवून ठेवते, आईला कायमचं सोडवण्याइतकं. मग थोरली येते. एका पहाटे आई गेलेली असते, आणि रात्री उशाशी थोरली होती. त्या रात्रीवर दोघी उघड बोलत नाहीत. पुढं इजिप्त, ग्रीसचं बेट, फ्रान्स, कुठंही गेल्या तरी ती रात्र दोघींच्या मध्ये उभी. युद्धावर जायला दोघी तयार होतात त्यामागंही देशप्रेमापेक्षा घरापासून लांब जाण्याची ओढ जास्त आहे, असं मला वाटतं.

आमच्या गटात एक निवृत्त सिस्टर आहेत. तीस वर्षं ग्रामीण रुग्णालयात काढलेल्या. त्या म्हणाल्या, "हे मला मान्य नाही. नर्सनं औषध चोरायचं नाही, आणि जीव घेण्यासाठी तर नाहीच नाही. लेखकानं नर्सेसची बदनामी केलीय."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग आमच्यातली एक जण, एरवी जी मागं बसते आणि फारसं बोलत नाही, ती म्हणाली, "माझ्या सासूबाईंना हाच आजार होता. सात महिने मी केलं त्यांचं. रात्री त्या ओरडायच्या तेव्हा शेजारचे टीव्हीचा आवाज वाढवायचे. ही पोरगी औषध लपवते असं तुम्ही वाचलं तेव्हा मला पाप-बीप काही आठवलं नाही. मला तिचा हेवा वाटला. तिच्याकडं निदान औषध तरी होतं."

सिस्टरांनी तिच्याकडं बघितलं आणि विचारलं, दुखण्यावर काय देत होते? तिनं सांगितलं, साध्या गोळ्या, डोकेदुखीवर देतात तशा. डॉक्टरांनी घरी न्या म्हणाले, आम्ही आणलं.

त्यानंतर सिस्टर जे बोलल्या ते मी तुमच्यासाठी नीट लिहून आणलंय, कारण ते पुस्तकापेक्षा जास्त कामाचं आहे. कॅन्सरच्या शेवटच्या दिवसांत वेदना सोसल्याच पाहिजेत असा काही नियम नाही. मॉर्फिनच्या गोळ्या तोंडानं घेता येतात. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे योग्य मात्रेत, ठरल्या वेळेला दिल्या तर त्या दुखणं कमी करतात, माणसाला मारत नाहीत. नशेच्या औषधांवरचा 1985 चा कायदा इतका कडक होता की दवाखाने ही गोळी ठेवायलाच घाबरायचे. 2014 साली तो कायदा थोडा सैल केला. तरी आजही प्रत्येक ठिकाणी ती मिळेलच असं नाही. अशा उपचाराला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात, मराठीत उपशामक काळजी. आपल्या राज्यातल्या अनेक जिल्हा रुग्णालयांत त्याचा वेगळा विभाग आहे, मुंबईच्या टाटा रुग्णालयात तर आहेच. 'घरी न्या' असं कुणी सांगितलं तर तिथंच विचारायचं, दुखण्याचं काय करायचं, आणि जिल्ह्याला पॅलिएटिव्ह विभाग आहे का. आणि आमच्या आशाताईंनी पुढं जोडलं की हा आजार लवकर ओळखता येतो. तीस ते पासष्ट वयाच्या बायकांची गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात करतात. लाजून घरी बसू नका, असं त्या म्हणाल्या, आणि त्या शनिवारी आमच्यातल्या पाच जणींनी कबूल केलं की त्यांनी ती एकदाही केलेली नाही.

पण सिस्टरांचं मूळ मत बदललं नाही. त्या म्हणाल्या, दुखणं थांबवणं वेगळं आणि माणूस थांबवणं वेगळं. आणि त्यांनी अरुणा शानबाग यांची आठवण काढली. तरुण मुलींना हे नाव माहीत नव्हतं, म्हणून सांगते. अरुणा शानबाग मुंबईच्या केईएम रुग्णालयात नर्स होत्या. नोव्हेंबर 1973 मध्ये ड्यूटी संपवून निघताना तिथल्याच एका कर्मचाऱ्यानं त्यांच्यावर हल्ला केला. गळा आवळल्यामुळं मेंदूला इजा झाली आणि त्या पुन्हा कधी भानावर आल्या नाहीत. 2015 च्या मे महिन्यात त्या गेल्या. एवढी वर्षं केईएमच्या नर्सेसनी त्यांना सांभाळलं. एक पिढी निवृत्त झाली, दुसरी आली. त्यांना दयामरण द्यावं असा अर्ज सुप्रीम कोर्टात गेला होता. 2011 मध्ये कोर्टानं तो फेटाळला, पण त्याच निकालात, काही अटींवर उपचार थांबवता येतील असंही म्हटलं. केईएमच्या नर्सेसचा त्या अर्जाला विरोध होता. सिस्टर म्हणाल्या, "आमच्या माणसाला आम्ही सांभाळतो. कोण म्हणतं ओझं आहे?"

मागं बसणारी बाई म्हणाली, "तुम्ही वॉर्डात किती जणी होता? मी एकटी होते."

याला सिस्टरांकडं उत्तर नव्हतं, आणि मी तरी ते कुठून आणू? त्या दोघीच पुढचे दोन शनिवार बोलल्या नाहीत.

अरुणा शानबाग यांची आठवण पुढं पुन्हा निघाली, कारण कादंबरीतही एका नर्सवर अत्याचार होतो, आणि तो शत्रूकडून नाही तर आपल्याच बाजूच्या माणसाकडून. आणि मग ते दाबायची धडपड. अरुणाताईंच्या खटल्यातही गुन्हेगाराला शिक्षा झाली ती हल्ला आणि चोरीसाठी, बलात्काराचा आरोप त्यात नव्हताच. कॉलेजच्या मुलींपैकी एक एवढंच म्हणाली की एवढी वर्षं गेली आणि गोष्ट तीच. त्या दिवशी पुढं वाचन झालं नाही.

जहाजाचा भाग मात्र सगळ्यांना आवडला, आजींनाही. या दोघी आधी इस्पितळाच्या जहाजावर काम करतात. एप्रिल 1915 मध्ये तुर्कस्तानात गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरलं. नर्सेसना किनाऱ्यावर जायची परवानगी नव्हती. जखमी माणसं होड्यांतून जहाजाकडं आणली जायची. इस्पितळाचं जहाज पांढरं रंगवलेलं, त्यावर लाल क्रॉस, म्हणजे कुणी त्यावर मारा करायचा नाही. पुढं कादंबरीतलं जहाज, आर्किमिडीज त्याचं नाव, सैनिक वाहून नेणारं होतं आणि पाणतीराच्या माऱ्यानं बुडतं. नर्सेस तासन्तास समुद्रात, तराफ्याला धरून. कुणी हात सोडते, कुणी टिकते.

हे लेखकाच्या मनचं नाही. 23 ऑक्टोबर 1915 रोजी एजियन समुद्रात मार्क्वेट नावाचं जहाज असंच बुडालं. त्यावर न्यूझीलंडच्या नर्सेस होत्या, आणि त्याच जहाजावर सैनिक, दारूगोळा आणि खेचरंही होती. पांढरा रंग नाही, लाल क्रॉस नाही. उतरवताना एक होडी दुसरीवर कोसळली. दहा नर्सेस गेल्या. त्यांना दारूगोळ्याच्या जहाजावर का बसवलं, हा प्रश्न तिकडं तेव्हाच विचारला गेला. न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चला इस्पितळाच्या आवारात त्यांच्या आठवणीचं छोटं चर्च आहे. आमच्या अंगणवाडीच्या मदतनीस ताई म्हणाल्या, "बाईला कुठंबी बसवत्यात. गाडीत जागा नसंल तर खताच्या पोत्यावर."

लेम्नॉस बेटावरचं वर्णनही खऱ्यावर आधारलेलं आहे. ऑगस्ट 1915 मध्ये ऑस्ट्रेलियन नर्सेस तिथं पोचल्या तेव्हा तंबू आणि सामान आलेलंच नव्हतं, पण जखमी आले होते. उघड्या जमिनीवर माणसं. मलमपट्टीला कापड नाही म्हणून या बायकांनी स्वतःचे परकर फाडले. त्यांच्या प्रमुख मेट्रन ग्रेस विल्सन. त्यांचा सख्खा भाऊ गॅलिपोलीत मारला गेल्याची बातमी त्यांना त्याच सुमारास कळली, तरी त्या कामाला लागल्या. वर पुरुष मदतनीस यांचं ऐकायला तयार नाहीत, कारण नर्सला लष्करात हुद्दाच नव्हता. हुद्दा मिळाला 1916 मध्ये, तोही मानाचा, पुरुष अधिकाऱ्याचा पगार त्याबरोबर आला नाही. आशाताई मनापासून हसल्या इथं. 'मानाचा' आणि 'मानधन' हे शब्द त्यांना चांगलेच ओळखीचे आहेत.

सिस्टरांनी या भागाला पुरते गुण दिले. सडलेल्या जखमा सतत औषधी पाण्यानं धुवायच्या, मस्टर्ड गॅसनं भाजलेल्यांचे कपडे हाताळताना नर्सेसचे स्वतःचे हात आणि डोळे जळायचे, कोण वाचेल आणि कोण नाही हे बघून रांग लावायची, हे सगळं त्यांनी कान देऊन ऐकलं. "पुरुषानं लिहिलंय पण हाताची कामं बरोबर लिहिलीत," असं म्हणाल्या. प्रेमाचा भाग मात्र त्यांना पसरट वाटला. मलाही. फ्रान्समध्ये गेल्यावर पुस्तक लांबतं, माणसं इतकी येतात की मी वहीत नावांची यादी करून ठेवली होती.

आमच्यातल्या एकीचे मालक फौजेतून रिटायर झालेत, सासरे आणि आजेसासरेही फौजेत. आमच्या सातारा जिल्ह्यात अशी घरं पुष्कळ. तिचा आक्षेप वेगळा होता. "एवढ्या मोठ्या पुस्तकात आपली माणसं कुठायत?" तिचं खरं होतं. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. एप्रिल 1916 मध्ये कूट इथं जे सैन्य शरण आलं त्याचं नावच पूना डिव्हिजन होतं आणि त्यात मराठा पलटणी होत्या. उपासमार, मग कैद, वाळवंटातली पायपीट. आणि आणखी एक गोष्ट मी शोधून तिला सांगितली. ऑस्ट्रेलियाच्या पाचशेहून जास्त नर्सेस त्या युद्धात हिंदुस्थानात कामाला होत्या. मुंबईत, पुण्यात, आपल्या देवळालीत, मेसोपोटेमियातून आलेले आजारी आणि जखमी सांभाळत. नेओमी-सॅलीच्या बरोबरीच्या मुली आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या उन्हात उभ्या होत्या. त्यांची गोष्ट या पुस्तकात नाही. ती म्हणाली, मग ती कुणीतरी लिहा.

यावरून डॉक्टर कोटणीसांचा विषय निघाला. सोलापूरचे, चीनमध्ये युद्धात सेवा करताना गेले, शांतारामबापूंनी सिनेमा काढला, हे सगळ्यांना ठाऊक. पण त्यांची पत्नी, गुओ छिंगलान, तिथंच परिचारिकांना शिकवत होती, हे चौदापैकी एकीला माहीत होतं.

आता शेवट. ज्यांना पुस्तक वाचायचंय त्यांनी कानावर हात ठेवा. लेखकानं कादंबरीला दोन शेवट दिलेत. एकात एक बहीण मरते आणि दुसरी जगते, दुसऱ्यात उलट. खरं काय ते सांगतच नाही. युद्ध संपता संपता ती फ्लूची मोठी साथ येते. आपल्याकडं 1918 मध्ये मुंबई बंदरातून आली आणि देशभरात एक कोटीहून जास्त माणसं गेली, तीच.

मी शेवट सांगितला आणि गोंधळ सुरू झाला. आजी चिडल्या. "चार महिने ऐकलं आणि कोण मेलं त्ये बी सांगंना?" सिस्टर म्हणाल्या, मृत्यूचा दाखला एकाच नावाचा निघतो. मीही त्यांच्याच बाजूची. एवढं सगळं सोसायला लावलं तर लेखकानं शेवटी ठरवायची तेवढी तरी जबाबदारी घ्यावी.

फौजीची बायको गप्प होती. मग म्हणाली, "कारगिलच्या वेळी हे वर होते. वीस-बावीस दिवस पत्र नाही, फोन नाही. धाकटा पोटात. रात्री पडल्यावर मी दोन्ही करून बघायची. एका रात्री हे आले, आंघोळीला पाणी काढलं, जेवायला वाढलं. दुसऱ्या रात्री गाडी आली, गावाच्या वेशीवर माणसं जमली, मी कुठली साडी नेसले होते तेसुद्धा दिसायचं. दोन्ही खरं वाटायचं. मला हा शेवट बरोबर वाटतो."

आजींनी विचारलं, "आनि तू कुटली साडी नेसली हुतीस?"

"हिरवी."

हात वर करून मतं घेतली. दोन शेवट चालतील असं म्हणणाऱ्या सहा, नको म्हणणाऱ्या सात. सासूबाईंचं केलेली आमची मैत्रीण तेवढी राहिली. तिनं हात वर केला नाही. ती म्हणाली, मला शेवटाशी काही देणंघेणं नाही, मला त्या पहिल्या रात्रीचं पुन्हा एकदा सांगा. म्हणून येत्या शनिवारी तेच पान पुन्हा वाचणार आहोत. सिस्टर तिच्या शेजारी बसणार आहेत, असं त्यांनीच कळवलंय.